विमानविद्येचा आरंभ आणि मोजमापाचा धडा

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत पूर्वजांच्या कर्तृत्वाचा गौरव करणारे लेख नेमाने प्रसिद्ध होत असतात, आणि ते व्हावेत हे उचितच आहे. या वर्षी आम्ही वाचकांपुढे जो विषय ठेवीत आहोत, तो वरवर पाहता आपल्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. यंत्राच्या बळावर मनुष्य प्रथम आकाशात कसा उडाला, याचा हा इतिहास आहे. तथापि ज्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या रंधा, वाकस, ऐरण, भाता आणि कानस यांच्या ठायी वसत आली, त्या समाजास हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. विमान प्रथम उडविले ते कोणा विद्यापीठाने नव्हे. दोघा सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागीर भावांनी ते आपल्या हातांनी घडवून उडविले.

हा विषय निवडण्यास दुसरेही एक कारण आहे. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, म्हणजे १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे या महाराष्ट्रीय गृहस्थांनी विमान उडवून दाखविले, ही कथा आपल्याकडे वारंवार सांगितली जाते. व्याख्यानांत ती ऐकू येते, स्मरणिकांत छापली जाते, आणि २०१५ साली तिच्यावर एक हिंदी चित्रपटही निघाला. ती खरी असती तर आमच्या इतका आनंद क्वचितच कोणास झाला असता. म्हणूनच ती पारखून घेणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. सोने आपले आहे म्हणून ते कसोटीवर घासावयाचे नाही, असे कोणताही सराफ म्हणणार नाही.

‘विमान’ या शब्दाविषयी

प्रथम शब्दाकडे वळू. पुष्पक विमानातून प्रभू रामचंद्र अयोध्येस परतले, आणि तुकोबारायांना न्यावयास वैकुंठाहून विमान आले, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहो. श्रद्धेचा तो प्रांत निराळा आहे. त्याची येथे चिकित्सा करण्याचे प्रयोजन नाही. परंतु ‘विमान’ हा शब्द ‘मा’ या धातूपासून झाला असून त्या धातूचा अर्थ मोजणे, मापणे असा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शिल्पशास्त्रात देवालयाच्या गर्भगृहावरील, मापून बांधलेल्या शिखरयुक्त भागासही विमान म्हणतात. ‘परिमाण’ आणि ‘प्रमाण’ हे शब्दही त्याच धातूचे होत. ‘प्रमाण’ या एका शब्दात माप आणि पुरावा हे दोन्ही अर्थ आपल्या पूर्वसूरींनी एकत्र ठेवले आहेत. पुढील सर्व कथा या दोन अर्थांचीच आहे.

राइट बंधूंची कामशाळा

विल्बर आणि ऑर्विल राइट हे अमेरिकेतील ओहायो प्रांतातल्या डेटन गावचे. धर्मोपदेशकाचे हे पुत्र महाविद्यालयाची पायरीही चढले नव्हते. प्रथम त्यांनी छापखाना चालविला, पुढे सायकलींची विक्री व दुरुस्ती करू लागले, आणि अखेर स्वतःच सायकली बनवू लागले. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल याने पंख बांधून टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा तरंगत उतरण्याचा विक्रम केला होता. परंतु १८९६ च्या ऑगस्टमध्ये त्याचे यान कोसळून त्याचा अंत झाला. त्या वार्तेने या भावांचे चित्त वेधले. १८९९ च्या मे महिन्यात विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेस पत्र लिहून, या विषयावर आजवर जे जे प्रसिद्ध झाले असेल ते कळवावे, अशी विनंती केली. आधी इतरांनी काय केले ते समजून घ्यावे, मग आपले पाऊल टाकावे, ही त्यांची रीत.

उड्डाणापुढे तीन अडचणी होत्या: यान वर उचलणे, ते पुढे ढकलणे आणि हवेत त्याचा तोल राखणे. पहिल्या दोहोंच्या मागे पुष्कळजण लागले होते. तिसरीचे महत्त्व या सायकलवाल्यांनी ओळखले. सायकल उभी केली तर पडते. बसणारा क्षणोक्षणी तोल सावरीत राहतो म्हणून ती चालते. पक्षी पंखांची टोके किंचित मुरडून तोल सावरतो, हे पाहून त्यांनी आपल्या यानाचे पंख दोऱ्यांच्या साहाय्याने पिळता येतील अशी योजना केली. हा प्रयोग त्यांनी प्रथम एका पतंगावर केला आणि मग १९००, १९०१ व १९०२ या तीन वर्षी समुद्रकाठच्या किटी हॉक येथील वाळूत बिनइंजिनाची याने उडवून पाहिली.

१९०१ च्या यानाने त्यांची निराशा केली. प्रचलित कोष्टकांवरून जेवढी उचल मिळावयास हवी होती, तिच्यापेक्षा ती पुष्कळ कमी भरली. अशा वेळी कोणी दैवास दोष दिला असता, कोणी नाद सोडला असता. या भावांनी कोष्टकांवरच संशय घेतला. सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी करून तिच्या एका तोंडाशी पंखा बसविला, आणि त्या वाऱ्यात पत्र्याचे छोटे पंख ठेवून प्रत्येकाची उचल मोजली. मोजण्याचे तराजू त्यांनी हॅकसॉच्या पात्यांचे आणि सायकलच्या स्पोकच्या तारेचे बनविले होते. सुमारे दोनशे आकारांचे पंख त्यांनी असे पारखले. हवेच्या दाबाचा जो गुणांक दीर्घकाळ प्रमाण मानला जात होता, तो खऱ्याच्या सुमारे दीडपट मोठा धरलेला आहे, असे त्यांना आढळून आले. मोठमोठ्यांच्या पुस्तकांतली चूक कामशाळेतल्या लाकडी पेटीने पकडली, ती अशी.

पुढे इंजिनाचा प्रश्न आला. मोटारगाड्यांचे कारखानदार हवे तसे हलके इंजिन देईनात. तेव्हा दुकानातला कारागीर चार्ल्स टेलर याने लेथ आणि ड्रिल यांच्या बळावर सुमारे सहा आठवड्यांत इंजिन तयार केले. त्याचा क्रँकशाफ्ट त्याने पोलादाच्या सबंध लादीतून काढला. लादीवर आकृती आखावयाची, रेषेवर जवळजवळ भोके पाडावयाची, छिन्नीने फालतू भाग उडवावयाचा आणि मग लेथवर कातावयाचा, ही कृती आपल्या उद्यमनगरातील कोणत्याही जुन्या मेस्त्रीस समजावून सांगावी लागणार नाही. त्या इंजिनाची शक्ती सुमारे बारा अश्वशक्ती होती. यानास पुढे रेटणारे पंखे लाकडाच्या फळ्या एकमेकींस चिकटवून, कुऱ्हाडीने व सुरीने तासून घडविले होते. फिरणारा पंखा म्हणजे गोल गतीने जाणारा विमानाचा पंखच होय, हे सूत्र त्यांनी प्रथम गणिताने मांडले आणि मगच लाकडास हत्यार लावले.

१७ डिसेंबर १९०३ रोजी सकाळी बोचरी थंडी आणि जोराचा वारा असताना ऑर्विल त्या यानात पालथा पडून राहिला. यान जागचे उचलले जाऊन १२ सेकंदांत १२० फूट गेले. त्या दिवशीच्या चौथ्या उड्डाणात विल्बरने ५९ सेकंदांत ८५२ फुटांचे अंतर कापले. नंतर वाऱ्याच्या एका झोताने यान उलथून त्याची मोडतोड झाली आणि ते पुन्हा कधीच उडाले नाही. परंतु तोवर काम झाले होते. किनाऱ्यावरील जीवरक्षक ठाण्यातील माणसे धरून पाच साक्षीदार तेथे हजर होते. त्यांची नावे नोंदलेली आहेत. त्यांतील जॉन डॅनियल्स याने कॅमेऱ्याची कळ दाबून घेतलेली काच आज सव्वाशे वर्षांनंतरही जगापुढे आहे. वेळ, अंतर आणि वाऱ्याचा वेग वहीत टिपलेले आहेत. एवढ्यावर न थांबता ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बरने ३९ मिनिटांत सुमारे २४ मैल उड्डाण केले, आणि १९०८ साली फ्रान्समध्ये हजारोंच्या डोळ्यांदेखत तीच विद्या दाखविली. एकदा झालेले पुन्हा करून दाखविता आले, म्हणून ते शास्त्र ठरले.

तळपदे यांची कथा

आता आपल्या घरच्या कथेकडे येऊ. शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४ सालचा. ते मुंबईच्या पाठारे प्रभू ज्ञातीतले, संस्कृताचे व्यासंगी. सर जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता, आणि स्वामी दयानंदांच्या वेदभाष्याच्या प्रभावाने प्राचीन विमानविद्येचा शोध घेण्याची त्यांना तळमळ लागली, असे सांगतात. प्रचलित कथा अशी की, त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे यान बनविले. न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या समक्ष ते चौपाटीवर मनुष्यावाचून पंधराशे फूट उंच गेले आणि खाली आले. आणि ‘केसरी’ने ही वार्ता छापली.

या कथेस प्रमाण काय? ‘केसरी’चा तो अंक, त्यातील मजकूर, आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही. मुंबईत त्या काळी इंग्रजी, मराठी आणि गुजराती मिळून वर्तमानपत्रांची वाण नव्हती, आणि चौपाटीसारख्या गजबजलेल्या ठिकाणी यान पंधराशे फूट चढले असते तर सारी गिरगाव लोटली असती. परंतु तत्कालीन वृत्तांत उपलब्ध नाही. यानाचा आराखडा नाही, वजन नाही, छायाचित्र नाही, दुसऱ्या उड्डाणाची नोंद नाही. जे आहे ते पुष्कळ वर्षांनंतर, एकाने दुसऱ्याचे ऐकून लिहिलेले आहे.

‘वैमानिकशास्त्र’ नावाच्या ज्या संस्कृत ग्रंथाचा या संदर्भात नेहमी हवाला देतात, त्याची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी करून १९७४ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकात सांगून लिहविला असून तो १९०४ पूर्वीचा असू शकत नाही, आणि त्यात वर्णिलेले एकही यान उडण्याजोगे नाही, असे त्यांनी दाखवून दिले. याच शोधात शास्त्रींच्या निकटवर्तीयांकडून मिळालेली एक माहितीही आली आहे. ती अशी की, मुंबईच्या तळपदे यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली काही नमुने बनविण्याचा यत्न केला, परंतु त्यांतील एकही उडविण्यात त्यांना यश आले नाही.

क्षणभर असे मानू की, १८९५ साली मनुष्यावाचून एखादे यान खरोखरच उडाले. तरीही राइट बंधूंचा मान ढळत नाही. प्रोफेसर लँग्ली यांचे वाफेच्या इंजिनाचे निर्मनुष्य यान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर तीन हजार फुटांहून अधिक अंतर उडाले होते, आणि ते राइट बंधूंना ठाऊक होते. त्याच लँग्लींनी सरकारकडून पन्नास हजार डॉलर घेऊन मनुष्य वाहणारे मोठे यान बांधले, तेव्हा ते १९०३ च्या ऑक्टोबरात आणि डिसेंबरात, दोन्ही वेळा सरळ पाण्यात पडले. मनुष्यास घेऊन, स्वतःच्या शक्तीने, तोल राखून उडणे ही निराळीच सिद्धी होती. ती एक हजार डॉलरच्या आतील खर्चात सायकलच्या दुकानाने मिळविली.

असे दावे केवळ आपल्याकडेच आहेत असे नव्हे, म्हणून संकोच मानण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये क्लेमाँ आदेर याचे यान १८९० साली जमिनीपासून वीतभर उचलले गेले होते. त्यावर त्याने पुढे १८९७ सालच्या चाचणीत आपण तीनशे मीटर उडालो, असा दावा केला. १९१० साली तेथील युद्धखात्याने त्या चाचणीचा अहवालच प्रसिद्ध केला, तेव्हा यान उडालेच नव्हते असे उघड झाले. फ्रान्सच्या अभिमानावर फ्रान्सच्याच कागदाने पाणी पडले. न्यूझीलंडमधील रिचर्ड पीअर्स या शेतकऱ्याच्या नावाने त्याचे देशबांधव असाच मान सांगतात. परंतु त्या सरळ माणसाने वर्तमानपत्रांस लिहिलेल्या पत्रांत तो मान राइट बंधूंना आपण होऊन दिला. अमेरिकेतही सर्व सुरळीत झाले असे नाही. मनुष्यासह उडण्यास समर्थ असे पहिले यान लँग्लींचेच, असे स्मिथसोनियन संस्था वर्षानुवर्षे सांगत राहिली. रुष्ट झालेल्या ऑर्विलने आपले विमान १९२८ साली लंडनच्या संग्रहालयास पाठवून दिले. १९४२ साली संस्थेने आपले म्हणणे मागे घेतले आणि १९४८ साली ते विमान मायदेशी परतले. जी संस्था आपली चूक छापून मान्य करते, तिची प्रतिष्ठा वाढते.

म्हणून तळपदे यांची योग्यता शून्य ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्या काळात पारतंत्र्याने आपल्या लोकांचा आत्मविश्वास खचविला होता, त्या काळात एका मराठी माणसाने, मनुष्य उडू शकेल आणि तो आपल्या देशात उडू शकेल, असे स्वप्न उराशी बाळगले, हे लहान नव्हे. ते आमच्या ज्ञातीचे नव्हते. पण महाराष्ट्राचे होते. त्यांना न मिळालेल्या यशाची माळ त्यांच्या गळ्यात घालणे हा त्यांचा गौरव नव्हे.

आपल्या प्रांतातील पुढील पावले

प्रमाणासह सांगण्याजोगे आपल्याजवळ काय थोडे आहे? १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेहून यमुनेपलीकडे नैनी येथे हांरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली; जगातील पहिली अधिकृत हवाई टपाल ती हीच. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे ब्रिटिश वैमानिक दलात लढले आणि १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या भूमीवर त्यांनी देह ठेवला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा हे कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. आणि १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत आपल्या करवीर नगरीजवळ उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ झाला. पुढे त्याने पुष्कळ चढउतार पाहिले. २०२४ साली तेथील नव्या इमारतीचे उद्घाटन झाले आहे. किटी हॉकच्या वाळूतून यान उचलले गेल्यावर अवघ्या छत्तीस वर्षांत एका मराठी संस्थानाने आपल्या माळावर विमानास जागा करून दिली, ही अभिमानाची आणि निर्विवाद गोष्ट आहे.

सायकलच्या दुकानातून यंत्रविद्या उगवल्याचे उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांचा उद्योग १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झाला, आणि ज्या १९०३ साली राइट बंधू उडाले, त्याच साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पुढे आला. लोखंडाने जमीन नासेल, अशी शंका घेणाऱ्या शेतकऱ्यांची समजूत व्याख्यानांनी पटली नाही. नांगर जमिनीत घालूनच ती पटवावी लागली. आपल्या कोल्हापुरात बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांना जग बाबूराव पेंटर म्हणून ओळखते, त्यांनी आपले चुलतबंधू आनंदराव यांच्यासह चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली निवर्तले, तरी बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने तो १९१८ साली पुरा केला. आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांनी डोळ्यांनी पाहिला. या गोष्टींवर कोणी शंका घेत नाही, कारण नांगर चालला आणि चित्र पडद्यावर उमटले.

कारागिराची वही

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तळपदे यांच्या चौपाटीवर १८९५ साली खरोखर काय घडले, हे आज निश्चयाने सांगता येत नाही, याचे कारण एकच: वही नाही. आपल्या समाजाचीही हीच मोठी हानी आहे. किती मोटांच्या चाकांना, किती गुऱ्हाळांच्या चरकांना, किती ऑइल इंजिनांना आपल्या मेस्त्रींनी नवी युक्ती लावली असेल! परंतु ती युक्ती मेस्त्रीच्या हातात राहिली आणि हाताबरोबर गेली. शागिर्दास ती डोळ्यांनी चोरावी लागे. कागदावर ती उतरली नाही. परिणामी ज्या पूर्वजांनी खरोखर काही केले त्यांची नावे आपणांस देता येत नाहीत, आणि मग ती रिकामी जागा भरून काढण्यासाठी पुराणातल्या विमानांकडे धाव घ्यावी लागते. खोट्या अभिमानाचे आपण धनी होतो, ते खऱ्या अभिमानाच्या नोंदी ठेवल्या नाहीत म्हणून.

यास्तव आमची आपल्या तरुण बंधुभगिनींस नम्र सूचना आहे की, प्रत्येक कामशाळेत एक वही ठेवावी. नवा भाग केला तर त्याचे माप, धातू, तारीख आणि करणाऱ्याचे नाव तीत लिहावे. प्रयोग फसला तर तोही लिहावा. राइट बंधूंच्या यशाचा पाया १९०१ सालच्या फसलेल्या यानानेच घातला. घरातील वृद्ध कारागिरांच्या तोंडून जे ऐकावयास मिळेल ते ‘ऐकीव’ असे स्पष्ट नमूद करून टिपावे, आणि जे हत्यार, जो आराखडा, जे छायाचित्र शिल्लक असेल ते जपावे. आपल्या ज्ञातिमंडळानेही पुढील वर्षापासून या स्मरणिकेची काही पाने अशा नोंदींसाठी राखून ठेवावीत, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे.

‘विमान’ या शब्दात मोजमाप दडलेले आहे, हे आपल्या पूर्वजांच्या भाषेने आपणांस आधीच सांगून ठेवले आहे. ते मोजमाप आपल्या हातांनी पुन्हा चालू व्हावे, आणि पुढील पिढीच्या लेखकास आपल्या समाजाविषयी लिहिताना ‘असे म्हणतात’ हे शब्द वापरण्याची पाळी न येवो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.